'मोकळं बोला' ग्रुपचा ॲडमिन

१८ ऑक्टोबर
आजपासून गावात विचारस्वातंत्र्य. 'मोकळं बोला' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ॲडमिन मीच. रिटायर्ड ग्रामसेवक आहे, कुणी किती बोलावं हे मला कळतं. मंडईला, म्हणजे गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, लाखांदूरचे सेवकरामजी घर बघायला येणार. त्यांची रंजू आमच्या धनंजयच्या मनात बसली आहे. त्यांनाही ग्रुपमध्ये घेतलं. होणाऱ्या व्याह्याचे विचार कळू देत.

१९ ऑक्टोबर, सकाळ
पहिली पोस्ट: मंडईत मासळीची दुकानं नकोत, ढिवर मोहल्ल्यातले सगळे भांडखोर. यात टीका नाही. मत आहे.

संध्याकाळ
शाळेतले सुगत सर लिहितात, हा पूर्वग्रह आहे, पोस्ट काढा. पूर्वग्रह हेही मतच, फक्त आधीच बनवून ठेवलेलं. 'तुमच्या लोकांच्या मानाने तुम्ही फार समजदार' असं कौतुकाने कळवलं. सर जास्तच चिडले. चांगलं बोलायची सोय नाही.

२० ऑक्टोबर
ढिवर मोहल्ल्यातले मासळीवाले बाबुलाल भांडायला येतील म्हणून दार लावून बसलो. आलेच नाहीत. ग्रुपवर लिहिलं: "राहू द्या ते पोस्ट. काढता कायले? भाऊच्या मनात काय हाय, लोकायले दिसू द्या." विरोधकालासुद्धा पटलं! पोस्ट पिन केली.

२२ ऑक्टोबर
बाबुलालच्या बायकोने, गुणाबाईने, लिहिलं की ग्रामसेवक असताना भाऊ ऑफिसात कमी अन् पानठेल्यावर जास्त दिसत. डिलीट केलं. हे मत नव्हे, बदनामी. सेटिंग बदललं, आता फक्त ॲडमिन लिहिणार. ग्रुपवर केवढी शांतता! सगळ्यांना पटलेलं दिसतं.

२५ ऑक्टोबर, मंडई
पाहुण्यांनी मासळी मागितली. बाबुलालने यंदा दुकानच लावलं नाही. वांग्याची भाजी वाढली. सोबत मी सहिष्णुतेवर बोललो, रात्री दंडारीचा खेळ सुरू होईपर्यंत. निघताना सेवकरामजी म्हणाले, नातं नको. रंजू म्हणते, "जे गावाले असं लिहितात, ते सुनेले काय काय म्हणतीन?"

धनंजय माझ्याशी बोलत नाही. पोरगं जेवलं पण नाही. फार वाईट वाटतंय.

२६ ऑक्टोबर
पोस्ट काढायला गेलो. मुदत संपली म्हणे, आता सगळ्यांसाठी डिलीट होत नाही. बायको, ललिता, म्हणाली, बाबुलालची माफी मागून या. गेलो. माफी नाही, स्पष्टीकरण द्यायला. गुणाबाईने चहा दिला. स्पष्टीकरण कुणी ऐकून घेतलं नाही.

३ नोव्हेंबर
लग्न जमलं! धनंजय एकटाच लाखांदूरला जाऊन आला. रंजूची एकच अट: लग्नात माइक सासऱ्याच्या हाती द्यायचा नाही. पोराने तिथल्या तिथे होकार दिला. हा सरळ विचारस्वातंत्र्यावर घाला आहे. यावर मी सविस्तर बोलणार होतो. ललिता म्हणाली, "तुमी चूप बसा जी."

बसलो.