देवूची चाल शोधायला लागलेला वेळ

रविवार, ११ जानेवारी
हरलो! तालुक्याच्या बुद्धिबळाची फायनल, हातात आलेला डाव, आणि हरलो कुणाकडून — तर देवूकडून. पडघ्याच्या एका गोडाऊनमध्ये लोडिंगला असतो. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस, आश्रमशाळेत खेळायला शिकला म्हणे.

डाव माझाच होता. मधे पोट बिघडलं, बाहेर जाऊन आलो, आणि त्याच्या हत्तीवर बिनधास्त उंट चढवला. त्याने हत्ती खुशाल मरू दिला आणि राजा एक घर पुढे सरकवला. बस्स! पुढच्या बारा चालींत माझा खेळ खलास.

मी उभा राहून ओरडलो, "ही चाल माणसाची नाही. फोन बघा त्याचा!" वास्तविक सगळ्यांचे फोन सुरुवातीलाच पंच नेत्रा मॅडमच्या पिशवीत जमा झाले होते. माझाही. तरी झडती झाली. खिसे, डबा, शेवटी बूटसुद्धा. निघालं काय? एसटीचं तिकीट आणि चुन्याची डबी. देवू खाली बसून मोजे घालत राहिला.

माझी झडती कुणी घेतली नाही. पूर्ण्याच्या गोडाऊनवाल्या तुळशीरामशेठचा मुलगा ना मी!

नेत्रा मॅडम म्हणाल्या, "भाविक, आरोप तू केलास, सिद्धही तूच कर. बुद्धिबळाचे प्रोग्राम ही चाल किती वेळात शोधतात ते मोजून आण. पुढच्या रविवारपर्यंत निकाल राखून ठेवते."

सोमवार, १२ जानेवारी
मॅडमच्या टिपणाप्रमाणे देवूने त्या चालीला घेतलेला वेळ — एक मिनिट पन्नास सेकंद.

लॅपटॉपवर तीन प्रोग्राम लावले. तिघांनाही तीच मांडणी, हातात स्टॉपवॉच. पहिल्याला चाल दिसली चार मिनिटं एकतीस सेकंदांनी. दुसऱ्याला दोन अठ्ठेचाळीस. तिसरा वीस मिनिटं हत्तीच वाचवत बसला! सेकंदाला लाखो मांडण्या बघतात, पण राजाची ती साधी चाल बिनकामाची म्हणून आधीच बाजूला टाकतात. मीही तेच केलं असतं.

मंगळवार, १३ जानेवारी
आज फोन. माझ्या फोनवर सहा मिनिटं पाच. आमच्या गोडाऊनच्या कामाच्या फोनवर तर नऊ मिनिटं वीस, आणि सुरुवातीला प्रोग्राम पुन्हा तेच सांगतो — तूच जिंकतोस!

म्हणजे देवूच्या बुटात फोन असता तरी त्याला ही चाल वेळेत मिळाली नसती. हे कळलं आणि कान गरम झाले. शरम वाटली. पण शरमेचं काय करायचं ते न कळून मी आणखी प्रोग्राम उतरवून घेत बसलो. एक तरी दोन मिनिटांच्या आत निघू दे, देवा!

बुधवार, १४ जानेवारी
निघाला! जुना, फुकटचा, हल्ली कुणी विचारत नाही असा प्रोग्राम. लॅपटॉपवर चौतीस सेकंद. फोनवर तो चालतच नाही.

मॅडमना मेसेज टाकला : चौतीस सेकंद.
त्यांचा लगेच प्रश्न : फोनवर?
मी : हो.

संक्रांतीचा तिळगूळ आईने हातावर ठेवला. म्हणाली, गोड बोल. मी नुसती मान हलवली.

गुरुवार, १५ जानेवारी
दिवसभर भेटेल त्याला चौतीस सेकंद, चौतीस सेकंद सांगत सुटलो. कुणी विचारलंही नव्हतं.

शुक्रवार, १६ जानेवारी
कामासाठी पडघ्याला गेलो. नाक्यावर रोजंदारीवाल्यांच्या घोळक्यात देवू उभा! गोडाऊनने त्याचा गेट पास काढून घेतलाय — "झडती झालेला माणूस आत नको."

पळून जावंसं वाटलं. पण त्यानेच हाक मारली, त्यानेच चहा सांगितला.

मी विचारलं, "चाल एवढ्या लवकर दिसली कशी?"

"लवकर कंची, शेठ? तुमी भायेर गेलते, घड्याल तुमचं चालू व्हतं. मी धा मिनिटं पटाकडंच बगत बसलो. तुमी उंट आननार त्ये दिसतच व्हतं. हत्ती वाचवला तर सगलाच मरतंय. मंग राजालाच धाडला."

त्याने ग्लास खाली ठेवला.

"पन तुमी मना चोर बोलले, त्ये बरं न्हाय केलं. बुधी आलती डाव बगायला. बायकोसमोर बूट काडले मी."

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

शनिवार, १७ जानेवारी
पूर्ण तक्ता लिहून काढला. सगळे प्रोग्राम, सगळ्या वेळा. चौतीस सेकंदांपुढे लिहिलं : फक्त लॅपटॉपवर, फोनवर चालत नाही, मी मॅडमशी खोटं बोललो. दोन प्रती केल्या — एक मॅडमना, एक देवूच्या गोडाऊनच्या मॅनेजरला.

तरी सगळ्यात वरची ओळ कोरी ठेवली आहे. या वहीतही ती लिहायची हिंमत झाली नव्हती. देवूचं ते "धा मिनिटं" डोक्यातून जात नाही.

रविवार, १८ जानेवारी
सकाळी ओळ भरली : "११ जानेवारी. फायनल झाली त्या शाळेचा संडास. आमच्या गोडाऊनचा फोन, जमा न केलेला. मांडणी भरण्यातच वेळ गेला. प्रोग्राम चाळीस सेकंद चालवला. त्याने उंटाची चाल सुचवली आणि सांगितलं, तूच जिंकतोस."

मॅडमनी तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. देवू आणि बुधी पहिल्याच बाकावर होते. मग मॅडमनी फोनची पिशवी माझ्यापुढे धरली. मी दोन्ही फोन टाकले, आणि खाली बसून बूट काढायला लागलो.