मुंबईशिवायचं पान

अण्णा,

शेजारच्या ब्लॉकमधली मुलगी आज दुपारी भूगोलाचं पुस्तक घेऊन आली. तिच्या आईला ऑफिसातून यायला उशीर होतो, तोवर ती माझ्याकडे बसते. "आजी, पाठांतर घे ना माझं," म्हणाली, आणि डोळे मिटून सुरू झाली. महाराष्ट्रातली मोठी शहरं, लोकसंख्येच्या क्रमाने. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक. मी मध्येच विचारलं, "आणि सोलापूर?" तिने एक डोळा उघडला. "ते खूप खाली गेलंय, आजी." आई आली तशी ती निघून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले. सोलापूर खाली गेलं हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळणार? लालबागची आपली चाळ पाडून तिथे टॉवर झालाय आणि त्यातच मला जागा मिळालीय. वरून सगळं दिसतं, पण गॅलरीतून हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं. म्हणून कागद घेऊन बसले.

ठाकूरद्वारचा तो छापखाना मला अजून वासाने आठवतो. शाईचा वास, शिशाच्या अक्षरांचे खिळे धुवायच्या रॉकेलचा वास आणि भर दुपारी जळणारे पिवळे दिवे. शाळा सकाळची असली की आई माझ्याकडे दोन डबे द्यायची, एक तुमचा, एक काकांचा. काका म्हणजे तिथल्या आपल्या पहिल्या चाळीतले, शेजारच्या खोलीतले, तुमच्याच गावचे. एकाच बोटीने तुम्ही दोघं माझगावच्या धक्क्यावर उतरला होतात, एकाच छापखान्यात लागलात आणि खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी घोड्यांसमोर शेजारी शेजारी उभे राहिलात. त्यांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाला गावाहून आणलं, शिकवलं, आणि जेवण आपल्याकडचं. मी गेले की काका एकेक उलटा खिळा उचलून माझं नाव जुळवायचे, त्याला शाई लावून माझ्या तळहातावर उमटवायचे. घरी आई ओरडायची, आणि तुम्ही म्हणायचात, "राहू दे गं, निदान नाव विसरणार नाही." तुम्ही दोघं काम करताना फार बोलायचा नाहीत. पण एकाने खाकरलं की दुसरा मान न वळवता म्हणायचा, "काय रे?"

मग छप्पन्न सालचा तो जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि आपलं गिरगाव पेटलं. संचारबंदी लागली, आम्हा मुलांना गॅलरीत जायची बंदी झाली. आईने खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. काकांचा भाऊ दूध मिळतं का बघायला खाली उतरला आणि कोपऱ्यावर त्याच्या पायाला गोळी लागली. तो मोर्च्यात नव्हता, हातात किटली होती. तुम्ही आणि काकांनी त्याला खाटेवर घालून इस्पितळात नेलंत. परत आलात तेव्हा तुमचा सदरा रक्ताने कडक झाला होता आणि तुम्ही तो आईला धुवू देत नव्हता. त्या दिवसापासून तुम्ही वेगळेच झालात, अण्णा. जेवताना घास हातात धरून बसायचात. इस्पितळातून छापखान्यात आणि छापखान्यातून इस्पितळात, एवढंच काकांचं चालू होतं.

उन्हाळा लागायच्या सुमाराला मी डबे घेऊन आले तो दिवस. मालक तुमच्या घोड्याजवळ उभे आहेत, हातात भूगोलाच्या पुस्तकाचा मजकूर. शाळा उघडायच्या आत नवी आवृत्ती काढायची आहे. तुम्ही कागद वाचताय आणि तुमचे ओठ हलताहेत. महाराष्ट्र राज्यातील मोठी शहरे, लोकसंख्येच्या क्रमाने. पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर.

"मुंबई कुठे आहे?" तुम्ही विचारता.

"मुंबईचं वेगळं प्रकरण आहे शेवटी," मालक म्हणतात. "दिल्लीकडे गेली ना ती. आता महाराष्ट्रात पुणं पहिलं."

"मी नाही जुळवणार हे पान."

मालक वाईट नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. "अहो, मला काय आनंद होतोय का? आपण पुस्तकवाले. सरकार ठरवील ते छापायचं. उद्या बदललं तर बदलून छापू. तुम्ही डोकं शांत करा, जेवा आणि मग लावा."

"जेवूनही नाही लावणार. दुसऱ्या कुणाला सांगा."

मालक काकांकडे वळले. काकांनी तुमच्याकडे पाहिलं नाही. कागद घेतला, समोर अडकवला आणि हात खिळ्यांकडे नेला. प, त्याला उकार. मी डबे धरून दारात उभी होते. तुम्ही इतक्या मोठ्याने बोललात की आतल्या खोलीतलं मशीन कुणीतरी थांबवलं.

"तुझ्या भावाच्या पायात गोळी आहे आणि तू हे लावतोस?"

काकांचा हात थांबला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. फार थकलेला होता. "म्हणूनच लावतोय रे," ते म्हणाले. "मी पण उठून गेलो तर त्याची औषधं कोण आणील? तू?"

तुम्ही चष्मा पुसलात, खिशात घातलात, माझा हात धरलात आणि आपण बाहेर पडलो. डबे माझ्या हातात तसेच. रस्त्यात मी विचारलं, "काकांचा डबा?" तुम्ही ऐकलं नाही असं केलंत. घरी आईने सगळं ऐकून घेतलं, चुलीवरची पेज ढवळत राहिली, मग म्हणाली, "मुंबई आहे तिथेच आहे. ती कुठे जाते? गेली ती तुमची नोकरी." आणि थोड्या वेळाने, तुमच्याकडे न बघता, "पण बरं केलंत." आई दोन्ही मनापासून बोलली होती, हे मला फार उशिरा कळलं.

चाळीत तुमचं कौतुक झालं. लोक घरी यायचे, तुमच्या पाठीवर थाप मारायचे. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी हार आणला. त्याच गॅलरीतून काका मान खाली घालून जायचे आणि आलेले लोक गप्प व्हायचे. कुणीतरी त्यांच्या दारावर कोळशाने काहीतरी लिहिलं. ते तुम्ही लिहिलं नव्हतंत. पुसलंही नाहीत. आईने ओल्या फडक्याने पुसलं. आपण चाळ सोडेपर्यंत ती त्यांच्या उंबऱ्यावर ताट झाकून ठेवत राहिली. तुम्हाला ते दिसत होतं, तुम्ही तिला अडवलं नाहीत.

तुम्हाला लालबागेत काम मिळालं, लग्नाच्या पत्रिका आणि मिलच्या ताग्यांची लेबलं छापणाऱ्या एका छोट्या प्रेसमध्ये. आपण तिथे खोली घेतली. मोर्च्यांची पत्रकंही तुम्ही जुळवायचात, आणि ती जुळवताना तुमच्या अंगात वारं शिरायचं. पुढे पावसाळ्यात सगळं पुन्हा फिरलं. मुंबई वेगळी काढायची नाही, महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हींचं मिळून एकच मोठं राज्य करायचं असं ठरलं. ती पानं रद्दीत गेली. जुन्या मालकांनी शिपायाला पाठवलं, "मुंबई परत पहिली झाली, आता तरी या." तुम्ही त्याला पाणी दिलंत आणि विचारलंत, "दुसरं कोण?" तो म्हणाला, "अहमदाबाद. मग पुणं." तुम्ही हसलात. नको म्हणून सांगितलंत. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "तिथे तो उभा असेल ना. त्याच्या शेजारी कसा उभा राहू?" मला वाटलं होतं तुम्ही अजून त्यांच्यावर रागावला आहात. आज ते वाक्य वेगळं ऐकू येतं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी शाळा उघडली आणि माझं भूगोलाचं नवं पुस्तक आलं. तुम्ही ते हातात घेऊन दिव्याखाली धरलंत. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल, मी मोठ्याने वाचूनही दाखवलं. तुम्ही शहरांच्या नावांवरून बोट फिरवत राहिलात. प्रत्येक नावापुढे जरा जास्त जागा सोडलेली होती. "त्याचाच हात आहे," तुम्ही म्हणालात. "किती वेळा सांगितलं होतं, एवढी जागा सोडू नकोस."

त्या रविवारी तुम्ही मला घेऊन ठाकूरद्वारला गेलात. दार काकांच्या भावाने उघडलं, काखेत कुबडी घेऊन. पाय गुडघ्याखाली काढला होता. ते आपल्याला कुणी कळवलं नव्हतं आणि आपण विचारलं नव्हतं. काका खाटेवर बसले होते. उठले, खाट झटकली. भावाने स्टोव्हवर चहा ठेवला. कपात साखर जास्त झाली होती, तरी तुम्ही पूर्ण प्यायलात.

"पान चांगलं लावलंस," तुम्ही म्हणालात.

"हं," काका म्हणाले. "मुंबई पहिली आली."

"आली."

खाली कुणीतरी कल्हईवाल्याला हाक मारत होतं, ते सगळ्यांनी ऐकलं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मोठी झाली." तुम्ही खाकरलात. मी काकांकडे पाहिलं. ते कप उचलत होते, त्यांनी मान वर केली नाही. निघताना त्यांनी तुमच्या खांद्याला हात लावला, इतका हलका की तुम्हाला तो लागला की नाही कोण जाणे. त्यानंतर तुम्ही दोघं कधी भेटला नाहीत. भांडण मिटलं होतं. ट्रामच्या थांब्यापर्यंत तुम्ही माझा हात धरून चाललात, मी हात धरण्याच्या वयाची राहिले नव्हते तरी.

आता हे सगळं लिहून झालं. हा कागद मी कुठे पाठवू? टेबलाच्या खणात ठेवीन फार तर. एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. माझ्या वडिलांनी मुंबईशिवायचं पान जुळवायला नकार दिला, हे मी आयुष्यभर लोकांना अभिमानाने सांगत आले, आणि अभिमान आहेही. पण लालबागला आल्यावर त्या पहिल्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी बसायचे, ती तुमच्यासाठी नव्हे. तुम्ही वर येताना दिसलात की मी तुमच्या खांद्यावरून मागे बघायचे, काका आलेत का म्हणून. एकदा तुम्ही पायरीवर थांबलात, मी कुठे बघतेय ते पाहिलंत, स्वतःही मागे वळून रिकाम्या जिन्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "कुणी नाही गं. मीच आहे."