निरीक्षणाचा रकाना

सोमवार, ९ सप्टेंबर
माझी पेन्सिल कुणीतरी दोन्ही टोकांना तासली! संस्कृतच्या तासाला उभयपदी धातू शिकवतो, उभयमुखी पेन्सिल आज पाहिली. धरायची कुठे?

गुन्हेगार भौतिकशास्त्राच्या बाई. म्हणे, एक टोक मोडलं तर दुसरं हाताशी. त्याच शस्त्राने माझा पाठ घायाळ केलाय. नववीसाठी नवा पाठ – ‘जाणणे आणि मानणे’. विज्ञान त्यांच्याकडे, अध्यात्म माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकांना शेवटी दोघांचा सलोखा हवाय. बुधवारपर्यंत – पुढच्या. मी लिहिलं, ‘ध्यानाने मन स्थिर होते.’ समासात बाईंची पेन्सिल : कोणी पाहिलं?

मंगळवार, १०
बाईंना समजावलं, आमच्या शास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर शब्दही प्रमाण मानतात. जाणत्याने सांगितलेलं ग्राह्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांच्या प्रयोगशाळेत निरीक्षणाच्या रकान्यात पुस्तकातला आकडा लिहिला की शून्य.

“आकडा बरोबरच असतो हो, शास्त्रीबुवा. लोलक टांगलेला नसतो.”

घरी येईपर्यंत याला तीन उत्तरं सुचली.

घरी बाबा. हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाल्यापासून रोज दाढी करून घेताना मला एकच विचारतात – इतकी वर्षं शिकवतोस, मग पुढे काय असतं रे? मी श्लोक म्हणतो, अर्थ सांगतो. आजही सांगितला. आज जरा अडखळलो.

गुरुवार, १२
माझाही लोलक टांगला. सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसलो. निरीक्षण : डाव्या पायाला मुंग्या. मन स्थिर – चार सेकंद, तीही बहुधा डुलकीची. हिने दारातून विचारलं, बरं वाटत नाही का.

शुक्रवार, १३
नऊ सेकंद. डुलकी नव्हे.

रविवार, १५
बाबांची दाढी. प्रश्न आला. श्लोक म्हटला – उच्चार चोख, अन्वय चोख. बाबांनी शेवटपर्यंत ऐकला.

“छान म्हणतोस,” म्हणाले, आणि दुसरा गाल पुढे केला.

मंगळवार, १७
‘मन स्थिर होते’ खोडलं. त्या जागी : ‘मी सहा दिवस बसलो. एकदा नऊ सेकंद मन थांबले. ते याहून पुष्कळ थांबते असे ग्रंथ सांगतात. मी अजून पाहिलेले नाही.’

बाईंनी दोनदा वाचलं. मग स्वतःच्या भागातलं ‘विज्ञानाकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आहे’ हे वाक्य सरळ खोडलं. म्हणाल्या, हेही कुणी टांगून पाहिलेलं नाही.

मुख्याध्यापक वैतागले. दोघांनीही माहीत नाही असंच लिहायचं, तर सलोखा कुठाय? बाई म्हणाल्या, हाच. मी मान डोलावली – अनुमोदनाला एवढं पुरे.

बुधवार, १८
पाठ छापायला गेला.

सकाळी बाबांना खरं सांगायचं ठरवून वस्तरा हातात घेतला होता – मलाही माहीत नाही, आपण दोघे मिळून बघू. त्यांनी विचारलंच नाही. काल नाही, परवाही नाही. भीती वाटते ती याची. माझ्याकडून काही कळेल ही आशा त्यांनी सोडली असावी, आणि आता ते तिकडे एकटेच बघत असतील.