लोणच्याच्या रंगाची पानं

प्रिय आई,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन शब्द लिहावेत अशी रीत, पण दिव्यांखाली भाजी पिकवणाऱ्या आमच्या कारखान्याला खिडकीच नाही. तेव्हा ऋतू तूच कळव. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

तुझ्या लोणच्याला रंग देणारं लाल पानांचं शिसोचं रोप इथे आधी हिरवंच राहिलं. कुरामोचीसाहेब म्हणाले, "तोमोए, पालक लावलास की काय?" मग एलईडीच्या जोडीला अतिनील दिवे लावले, तशी पानं लालबुंद झाली. बाबा म्हणायचेच, उन्हाचा मार खाल्ल्याशिवाय शिसोला रंग नाही. त्यांना दाखवायला हवी होती.

दुसरे दिवे गर्द तांबडे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. त्या उजेडात रोपाला वाटतं, शेजारी कुणीतरी दाटीनं उभं आहे, आणि ते उंच होत जातं. काल कापणीनंतर ट्रेमध्ये एकच रोप चुकून राहिलं होतं. तेही मान वर काढून उभं होतं, शेजारी कुणी नसताना. तूही अजून सवयीनं बाबांचा धरून दोन कप चहा ओततेस का गं?

फोनवर म्हणालीस, "लोणच्यासाठी उमेची आंबट फळं खारवलीत, पण यंदा शिसो नाही घालणार. खाणारं माणूस गेलं, आता रंग कुणासाठी?"

सोबत पानं पाठवतेय. वास बाबांच्या वाफ्यातल्यासारखा नाही, चालवून घे. पण घाल.

बाबांनी वाळवलेल्या उमेच्या फळांची बरणी मी इथे आणली होती ना, तिच्यात एकच उरलंय. रोज झाकण उघडते, बघते आणि परत लावते.

तुझीच,
तोमोए