पांढरं पिल्लू आणि आपांचं ताक

२९ मे
चौदा! माझ्या सापिणीने, झिबेकने, दुपारपर्यंत चौदा अंडी घातली, एकही पिवळं, वांझोटं नाही! ओल्या शेवाळात मांडली, प्रत्येकावर वरच्या अंगाला पेन्सिलने फुली. अंडं उलटलं की आतला जीव गुदमरतो. अठ्ठावीस अंशांवर दोन महिने.

चार वर्षं या जोडीमागे आहे. यातून एक तरी शुभ्र पांढरं निघणार. निघणारच! नवरा, दाउरेन, म्हणाला, "बाळंतीण सुखरूप ना? मग आता आम्हाला जेवायला वाढ!"

३ जुलै
सासूबाई, आमच्या आपा, आल्या. कायमच्या. सासरे गेल्यापासून बालखाशला एकट्याच होत्या, आणि आमच्या रीतीप्रमाणे म्हातारपणी आईने धाकट्या मुलाकडेच राहायचं. दाउरेन धाकटा. मी लपवाछपवी करणारी नाही. आल्या दिवशीच सापांची खोली दाखवली.

आपा उंबऱ्यावरच थबकल्या. "अगं सूनबाई, ही लांबडी?" साप हा शब्द त्या तोंडातून काढत नाहीत.

"बिनविषारी आहेत, आपा. अमेरिकेकडची जात."

"कुठलंही असो. लांबडं घरात आलं की त्याच्या डोक्यावर पांढरं ओतायचं. दूध म्हण, ताक म्हण. आणि मानाने वाट दाखवायची. डब्यात घालून उंदीर चारतं का कुणी?"

अठरा वर्षं तालगरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते मी. मला सांगतायत! येतील वळणावर. महिनाभर देते त्यांना.

१४ जुलै
अंडी टपोरी. आपांचा मोतीबिंदू मात्र वाढलाय — चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दाउरेन निमूट प्यायला. मी ओतून दिला.

२६ जुलै
सकाळी तीन अंड्यांना चीर! इवलीशी नाकं बाहेर. हात लावायचा नाही. पिल्लं दीड-दोन दिवस तशीच बसून राहतात, अंड्यातलं उरलंसुरलं पोटात घेतात. घाई करणाऱ्याच्या हाती मेलेली पिल्लं लागतात.

२८ जुलै
पांढरं! तेरा तांबडी-करडी निघाली आणि शेवटचं पांढरं! कणकेच्या वळीसारखं, डोळे लालबुंद. मी रडले. हो, रडले! प्रत्येकाला वेगळा डबा, पाण्याची वाटी, खाली गरम चटई.

आपा दाराशी आल्या. "किती झाली ते मोठ्याने मोजू नकोस. दृष्ट लागते." मग बराच वेळ पाहत राहिल्या. "त्या गोऱ्या पोरीला काजळीची तीट तरी लाव." मी म्हटलं ना, वळणावर येतील!

७ ऑगस्ट
सगळ्यांनी पहिली कात टाकली. आज उंदरांची गुलाबी पिल्लं दिली. बारांनी खाल्ली, दोघांनी तोंड फिरवलं. पांढरीने सगळ्यांत आधी गिळलं. माझी ती!

११ ऑगस्ट
लिहवत नाही. तरी लिहिते.

शाळेतून आले तर आपा चुलीपाशी खुशीत. "सूनबाई, घरातलं संकट गेलं बघ. तुझ्या त्या खोलीच्या दारात लांबडं बसलं होतं. वाडगंभर ताक ओतलं डोक्यावर, म्हटलं, बाबा, तुझ्या वाटेने जा. गेलं गपगुमान कुंपणाबाहेर."

मी खोलीत धावले. पांढरीच्या डब्याचं झाकण अर्धं सरकलेलं. डबा रिकामा.

मग तोंडाला आवर राहिला नाही. चार वर्षं तुम्ही ताकात बुडवलीत, म्हटलं. आपा म्हणत होत्या, "अगं ते पांढरं नव्हतं. जाड होतं, करडं, शेपूट तोकडं..." मी ओरडले, "तुम्हाला मीठ-साखर कळत नाही, रंग काय कळणार! जाणूनबुजून केलंत!"

त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि परत बांधला.

अंधार पडेपर्यंत कुंपणाबाहेरचं गवत चाळलं. काही नाही.

१२ ऑगस्ट
आपा पहाटेच्या बसने बालखाशला गेल्या. दाउरेनने बोचकं पोचवलं. घरी येऊन एवढंच म्हणाला, "आईला एकट्या घरी पाठवणारा मुलगा झालो मी." आणि पाठ फिरवली.

मी माझ्या जागी बरोबर आहे. चूक कबूल करायला हवी होती त्यांनी.

१३ ऑगस्ट
शेजारची राबिगा कुंपणावरून, "सासूला घालवलीस म्हणे, सापाच्या पिल्लासाठी?" आता सगळ्या गल्लीला कळलंच असेल. कळू दे!

१५ ऑगस्ट
तेरा डबे धुवायला काढले. खालची गरम चटई उचलली.

पांढरी तिथे होती. वेटोळं घालून, ठणठणीत. त्या सकाळी घाईत झाकण मीच नीट लावलं नव्हतं. आणि खोलीत शोधलंच नाही मी, एकदाही नाही!

आपांनी पाहिलं ते जाड, करडं, तोकड्या शेपटीचं. डोंगराकडून उंदरांच्या वासाने आलेलं विषारी जनावर. मुलांना फळ्यावर दर वर्षी काढून दाखवते मी ते. आणि त्याच्यापुढे आपा वाडगं घेऊन उभ्या राहिल्या, माझ्या पिल्लांच्या दारात!

दाउरेनकडून गाडीची किल्ली मागून घेतली. बालखाश आठ तास. निघते.