पन्नास टक्के तारीफ

छावणी, छत्रपती संभाजीनगर
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुला आणि काकांना इथूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि नुसतं लिहून वाकायचं राहिलं की ते मला दिवसभर टोचत राहतं.) काकांचा गुडघा कसा आहे? केयूरला नवी नोकरी मानवली का? इकडे बाबांचं पित्त सोडलं तर सगळे ठीक आहोत. बाबांचं पित्त अमेरिकेमुळे उठलंय, पण त्याचा दोष मी तुला देत नाही.

तुझ्या तिकडच्या दुकानवाल्या मैत्रिणीनं तीस गोधड्या मागवल्या होत्या ना, तिचा मेल आला. पन्नास टक्के टॅरिफ बसलंय, आमची गिऱ्हाइकं एवढी किंमत देणार नाहीत, तेव्हा सध्या थांबा. आता थांबायचं कसं? देवगाव रंगारीच्या सरूबाई आणि आणखी पाचजणी दोन महिने त्यावरच बसून होत्या (अक्षरशः, गोधडी बसूनच शिवतात) आणि सव्वीस तयार होत्या. यंदा कापूस पावसात गेला, त्यामुळे सहाही घरांची भिस्त या गोधड्यांवर. बाबा म्हणाले, तूच कळव, तुझं बोलणं मऊ आहे.

मी सरूबाईला फोन लावला. घाबरले की माझा आवाज बारीक होतो, त्यात तिकडे रेंज नाही. सांगितलं, अमेरिकेत आपल्या गोधड्यांवर पन्नास टक्के टॅरिफ लागलंय.

“तारीफ व्हय? मंग पन्नासच टक्के का ताई? बाकीच्या पन्नासात काय खोट निघाली?”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी ‘नाही, म्हणजे’ एवढं म्हणाले आणि फोन कट झाला. (पुन्हा लावला नाही. हे कबूल करते.) चार दिवसांनी कळलं की उरलेले पन्नास टक्के मिळवायला बायकांनी सगळ्या गोधड्यांच्या कडा उसवल्या आणि बारीक टाक्यांनी परत शिवायला घेतल्या.

इकडे दुकानातही बरं चाललेलं नाही. बाबांनी ‘अमेरिकेला जाणारा माल, आता आपल्याच गावात’ अशी पाटी लावली. लोक ती वाचून आत येतात आणि म्हणतात, तिकडे कोणी घेत नाही ना, मग अर्ध्यात द्या. कोथिंबीरवाल्यानं जुडी वीस रुपये केली आणि कारण विचारलं तर टॅरिफ म्हणाला. कोथिंबीर दौलताबादची. मी ‘ती समुद्र कुठे ओलांडते’ असं विचारणार होते, पण मागे रांग होती.

शेवटी एसटीनं देवगावला गेले. तिथल्या आप्पासाहेबांनी आधीच पारावर सांगून टाकलं होतं की अमेरिकेनं गावाला शंभरपैकी पन्नास दिले, पस्तीसला पास असतं, तेव्हा काळजी नको. सरूबाईनं चहा पुढे केला आणि बारीक टाके दाखवले. आत्या, इतके सुरेख टाके मी पाहिले नव्हते. मला रडूच आलं. रडत रडत सांगितलं की तारीफ नव्हे, टॅरिफ. म्हणजे जकात.

“असं सांग की मंग. जकात भरतं कोण?”

मी म्हटलं, तिकडचं गिऱ्हाईक.

“मंग रडायचं त्यांनी. तू कामून रडायली?”

मग दुकानवालीचा निरोपही सांगितला. त्यावर तिनं दोरा दातानं तोडला, चार गोधड्या राहिल्यात त्या पुऱ्या करू म्हणाली, आणि मला बसस्टँडपर्यंत पोचवायला आली. वाटेत एकदाच विचारलं, दुसरं कुणी घेईल का. मी हो म्हणाले. कुणाच्या भरवशावर म्हणाले ते माझं मला माहीत नव्हतं, आणि तेव्हापासून झोप नाही.

कुरियरवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, फॉर्मवर ‘जुने कपडे’ लिहा, कमीत भागेल. आता गोधडी जुन्या साड्यांचीच असते, म्हणजे हे खोटंही नाही. पण खरंही नाही. मी ‘जुन्या साड्यांच्या, नव्यानं शिवलेल्या, विक्रीच्या गोधड्या’ असं लिहिलं. ते रकान्यात मावेना, तर तीन फॉर्म वाया गेले आणि माझ्यामागे लोक ताटकळले.

असो. पत्र फार लांबलं. तुम्ही सगळे सुखात असा, एवढंच मागणं.

तुझी,
नीरजा

ता. क. एवढंच मागणं असं वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. तुझ्या गॅरेजमध्ये एखादा कोपरा रिकामा आहे का? तीस गोधड्या दाबून भरल्या तर तीन खोकी होतात.

ता. क. दुसरा. खोकी मंगळवारीच निघाली. घेणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव आहे, म्हणून जकातीसाठी कुरियरवाला तुझ्याच दारात येईल. किंमत खरी लिहिली आहे, त्यामुळे जकात पूर्ण बसेल. शाळेत जायच्या आधी पाटीवर मुळाक्षरं माझ्याकडून तूच गिरवून घेतलीस आणि खोटं लिहिलं की हात सुजतो हेही तूच सांगितलंस. ती थाप होती हे वेळेवर सांगितलं असतंस, तर आज स्वस्तात सुटली असतीस.