बाबांच्या गाण्यातली टिंबं

जुबा, ५ मार्च २०१२

ति. आधिएऊताई हिस,
थुचचा सा. न. वि. वि.

काल बोरच्या चर्चमध्ये बाबांच्या गाण्यांची पुस्तिका वाटली, तिच्यातली चूक तुझी नव्हती, माझी होती. गाणी उतरवलेल्या तुझ्या वहीत प्रत्येक टिंब जागेवर होतं. ती टाइप करताना माझ्या कीबोर्डवर आपल्या डिंका भाषेची अक्षरं नव्हती. ऑफिसात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या अलुएलच्या संगणकावर ती आहेत. पण मला डिंका टायपिंग येतं असं मी ऑफिसभर मिरवलेलं, तिला विचारायची लाज वाटली. साधा 'ओ' दाबत सुटलो. त्याच्यावरची दोन टिंबं गेली आणि 'पुरुष' या शब्दाचा 'रान' झाला. 'आमचं रान गुरं घेऊन घरी परतलं' हे वाचल्यावर सगळे हसले. पांचोलकाका म्हणाले, पोरीनं लिहून काढलंय, जेवढी शाळा तेवढं लिहिणं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पायांकडे पाहत बसलो.

माफ कर.
तुझा थुच

बोर, १४ मार्च

चि. थुच यास अनेक आशीर्वाद.

पत्र बसच्या ड्रायव्हरने दिलं. चूक कोणाची ते मला त्याच दिवशी कळलं, वही घरातच आहे. टिंबांचा राग नाही. निर्वासितांच्या छावणीत वाढलास, इंग्रजी शाळेत शिकलास, तुला ती कोण शिकवणार होतं? मान खाली घातलीस त्याचा राग आहे. एक टिंब चुकलं की मी माझ्या साक्षरता वर्गातल्या बायकांना अख्खं पान पुन्हा लिहायला लावते. आता त्याच विचारतात, की बाई, रानाने किती गुरं आणली. दोघी यायच्या बंद झाल्या.

माझी माफी मागून काय होणार? काकांना वाचता येत नाही. तोंडाने सांग, सगळ्यांसमोर. मी त्या दिवशी येणार नाही, माझ्याकडे बघून धीर गोळा करायचा नाही.

खोकला कसा आहे? वाळवलेले मासे पाठवलेत. कॉम्प्युटरवाल्या साहेबांना चालत असतील तर खावेत.
रागावलेली, तरी तुझीच,
ताई

जुबा, २६ मार्च

ति. ताईस सा. न.

अलुएलपाशी कबूल केलं. तिने पाच मिनिटांत कीबोर्ड बसवून दिला. पाच मिनिटांचंच काम होतं, ताई. पुस्तिका नव्याने छापून घेतल्या आणि काल चर्चमध्ये उभा राहून सगळं सांगितलं. काका म्हणाले, आता नीट वाचून दाखव.

टिंबं कागदावर होती, जिभेवर नव्हती. तो 'ओ' श्वास सोडून म्हणायचा, ते मला जमेना, पुन्हा रानच आलं. तुझ्या वर्गातल्या बायकांनी तीनदा सुधारलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी काकांनी पुस्तिका माझ्या हातातून घेऊन त्यांच्यातल्या एकीला दिली. तिने न अडखळता वाचलं.

तुझ्या दारावरून गेलो, आत यायचा धीर झाला नाही. एप्रिलात पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. तुझ्या वर्गात बायकांच्या मागे बसेन म्हणतो. बसू देणार असशील तर ड्रायव्हरपाशी निरोप दे.

लोभ कमी झाला असेल, तुटू देऊ नकोस.
थुच